नेहमीप्रमाणे

डोळ्यांत औषध घालून मास्तर दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. शेजारी कुणी आई-लेक बोलत होत्या, आणि कान काही मिटता येत नाहीत.

"आता तरी सांग, ऑफिसात तू लिहितेस काय?"

"सर्किट बिघडलं की तपासायची उपकरणं असतात ना आई, ती कशी वापरायची ते."

"वाचतं कोण?"

"एआय. तपासणी आता तोच करतो."

"माणसं नाहीत? मग सोपंच की!"

"सोपं कसलं! जुन्या माहितीत होतं, 'बोर्डला नेहमीप्रमाणे वीज द्या.' त्याला कुठलं आलंय नेहमीचं? दिली भरमसाट. बोर्ड जळून खाक."

"अगंबाई! मग?"

"मग सगळं मी नव्याने लिहिलं. किती व्होल्ट, कुठल्या पिनला, आधी काय तपासायचं. त्यानंतर एकही जळला नाही."

"एकटीने लिहिलंस?"

"एकटीने."

मग नर्सच्या चपला वाजल्या.

"काकू, हे थेंब. नेहमीप्रमाणे घाला."

"नेहमीप्रमाणे म्हणजे?" आईचा आवाज पार दारापर्यंत गेला. "कुठल्या डोळ्यात, किती, कधी, नीट सांगा. माझी लेक हेच तर लिहिते!"