चौकशीताईंचा अभिनय

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले आगारप्रमुख साहेब. वरच्या कार्यालयातून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे. जिच्यासाठी आपण सगळे आज हात धुऊन, कपडे बदलून इथे जमलो आहोत ती सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या चौकशीताई. ताईंचे दादा आणि वहिनी. समोर बसलेले चालक, वाहक, कार्यशाळेतले माझे तेलकट बंधू, आणि चहा आला की आधी कळावं म्हणून दाराशीच उभे राहिलेले समस्त स्नेही, सर्वांना माझा नमस्कार.

मी या आगाराचा वायरमन. तुम्ही मला आजवर शिडीवर पाहिलंत, माइकसमोर पहिल्यांदाच पाहताय. घाबरलोय, हे आधीच सांगून टाकतो. माइक दुरुस्त करणं वेगळं आणि माइकवर बोलणं वेगळं. इतकी वर्षं ताई चौकशीच्या खिडकीतून बोलायच्या आणि तो आवाज सातही फलाटांवर नीट पोचतोय की नाही, हे बघणं माझं काम होतं. त्यामुळे ताईंचा आवाज या जगात सर्वांत जास्त कुणी ऐकला असेल तर मी. दादा, तुमच्यापेक्षाही जास्त. घरी त्या फारशा बोलत नाहीत, असं वहिनी म्हणतात.

मघाशी साहेबांनी मानपत्र वाचलं. फार सुंदर झालं. एकतीस वर्षांची सेवा, चुकलेल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून गाडीत बसवणं, सगळं अक्षर न् अक्षर खरं. त्यात एक ओळ होती, 'एका चित्रपटातील आपल्या विनोदी अभिनयाने रसिकांना खळखळून हसवणाऱ्या'. त्या ओळीला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. आणि कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणानंतर त्या चित्रपटातला एक तुकडा पडद्यावर दाखवायचा आहे, असं छापलंय.

साहेब, राग मानू नका. तो तुकडा दाखवला जाणार नाही. प्रोजेक्टर बिघडलेला नाही. त्याची वायर माझ्या खिशात आहे.

का, ते सांगतो. ताईंची परवानगी घेतली आहे. मागच्या आठवड्यात खिडकीशी जाऊन विचारलं, तर समोरच्या प्रवाशाला गाडीची वेळ सांगता सांगता म्हणाल्या, "बोला की. पण माझ्या वतीनं रडायचं नाही." मी प्रयत्न करतो.

तर एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या गावात लग्नांची शूटिंग करणारे एक गृहस्थ होते, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. लोकांची लग्नं काढून काढून माणूस कंटाळला होता. त्यांच्या डोक्यात सिनेमाचं खूळ शिरलं. गाण्यात नाव काढू पाहणाऱ्या तीन अपयशी माणसांवरचा माहितीपट, पण खोटा. दिसायला गंभीर, आतून विनोदी. संवाद लिहिलेले नाहीत. अप्पा कॅमेऱ्यामागून प्रश्न विचारणार आणि समोरच्यानं सुचेल ते ठोकून द्यायचं. दातांचे डॉक्टर ढोल बडवणार, सलूनवाले कीबोर्ड वाजवणार. डॉक्टर, लपू नका, दुसऱ्या रांगेत दिसताय. आणि आवाजाची बाजू सांभाळायला मी. झाडूच्या दांड्याला माइक बांधून मी पाच दिवस त्या दांड्याखाली उभा होतो. बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाचा वरचा मजला आम्हाला मिळाला होता. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले सोफे, आणि त्यावर आमचे कलाकार.

गाणारी बाई मिळेना. मी म्हटलं, "आमच्या खिडकीत एक ताई आहेत, त्यांना गाण्याची आवड आहे." अप्पा म्हणाले, "आण." मी ताईंना सांगितलं, "गाणाऱ्या लोकांवर माहितीपट करतायत, येता का?"

माहितीपट. एवढंच सांगितलं. खोटा आहे, विनोदी आहे, हे सांगायचं राहिलं. गर्दीची वेळ होती, खिडकीसमोर रांग होती. मनात म्हटलं, अप्पा सांगतीलच. अप्पांच्या मनात, वायरमननं सांगितलंच असेल. तुम्ही म्हणाल, मग पहिल्या दिवशीच कळलं कसं नाही? सांगतो. अप्पांचा एक नियम होता. दुकानाचा जिना चढला की जो तो आपापल्या भूमिकेत. चहा पितानासुद्धा. डॉक्टरांना दाढ दुखते म्हणून कुणी विचारलं तरी त्यांनी "मी फक्त ढोल जाणतो" असंच म्हणायचं. भूमिकेतून जो बाहेर येईल त्यानं सगळ्यांचे कप धुवायचे. पहिल्या दिवशी मीच धुतले. पाच कप आणि ते चिकट झालेलं पातेलं.

झालं काय, की ताई मनापासून खरं बोलत होत्या आणि सगळ्यांना वाटलं, काय भूमिकेत शिरली आहे ही बाई! अप्पांनी विचारलं, "जगानं तुमचं गाणं का ऐकावं?" डॉक्टर म्हणाले होते, "जगाला दुसरा इलाज नाही." ताई म्हणाल्या, "जगानं कशाला? एक खोलीभर माणसांनी शेवटपर्यंत बसून ऐकलं तरी मला पुष्कळ आहे." सलूनवाल्यांनी हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला. मीही हसलो. दांडा हलला म्हणून ओरडा खाल्ला.

आणि गाणं? अप्पा त्यांना मुद्दाम उंच पट्टीत गायला लावायचे. वरचा सूर आला की ताईंचा आवाज चिरकायचा, डोळे मिटायचे, हात वर जायचा. त्या हाताकडे बघून कॅमेऱ्यामागची सगळी माणसं फुटायची. ताईंना वाटायचं, अजून थोडी मेहनत केली की लागेल. दुसऱ्या दिवशी घसा शेकून यायच्या.

तिसऱ्या दिवशी मला कळलं. त्यांच्या पदराला लावलेला छोटा बिनतारी माइक काढायचा मी विसरलो होतो. त्या खालच्या दुकानातल्या फोनवर गेल्या आणि माझ्या कानात त्यांचा आवाज आला. दादा, त्या तुमच्याशीच बोलत होत्या. "दादा, अरे, किती मन लावून ऐकतात ही माणसं. तीन दिवस झाले, एकानंही माझ्यासमोर घड्याळ बघितलं नाही."

चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या बाईला हे किती मोठं असेल, विचार करा. तिच्यासमोर येणारा प्रत्येक माणूस घड्याळ बघतच येतो.

तडक अप्पांकडे गेलो. म्हटलं, "अप्पा, ताईंना माहीतच नाही, आपण विनोदी सिनेमा करतोय म्हणून." अप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कसला विनोदी सिनेमा? आपण गंभीर माहितीपट करतोय. जा, कप धू." त्यांना वाटलं, त्यांना भूमिकेतून बाहेर काढायला मी खोडी काढतोय. त्या माणसाला मी खांदे धरून हलवून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. खरं सांगू का? मला सुटल्यासारखं वाटलं. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, माझं काम संपलं. शिवाय दोनच दिवस उरले होते आणि सिनेमा उभा होता तो ताईंमुळेच, हेही मला दिसत होतंच की. मी मुकाट्यानं कप धुतले.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी जिन्यावर डबा उघडून बसलो होतो. कानावर हेडफोन तसाच. ताई वर एकट्याच सोफ्यावर बसून सलूनवाल्यांच्या कोटाचं तुटलेलं बटण लावत होत्या. आणि त्या गुणगुणायला लागल्या. खालच्या पट्टीत. कुणासाठी नाही, सुई-दोऱ्याच्या नादात. शब्द नव्हते, नुसती चाल, आणि ती चाल मी त्याआधी कुठे ऐकली नव्हती, त्यानंतरही नाही. माझ्या हातातला घास हातातच राहिला. अहो, काय आवाज होता तो! उंच पट्टीत चिरकणारी ती बाई कुठे आणि ही कुठे! दोन-अडीच मिनिटं असेल. मी रेकॉर्डरचं बटण दाबून ठेवलं होतं.

आवाजाचं काम करणारा माणूस मी. वर जाऊन एवढंच म्हणायचं होतं, "अप्पा, पट्टी खाली घ्या." चार शब्द. तेवढ्यानं ताईंचं गाणं लोकांना कळलं असतं. सिनेमातला विनोद गेला असता. मी डबा संपवला.

पाचव्या दिवशी कॅसेटी संपल्या. शेवटचं गाणं बाकी, तिघं तयार, दुकानमालक किल्ली वाजवत उभा. अप्पा ओरडले, "जी मिळेल ती घाल!" मी घातली. कोणती घातली, मला माहीत होतं. ज्या प्रसंगाला तुम्ही सगळे आजही पोट धरून हसता, तो हात वर गेलेला शेवटचा सूर, त्याचा आवाज त्याच कॅसेटवर आहे. त्याच्याखाली ते गुणगुणणं होतं. पुसलं गेलं. मी पुसलं.

मग सिनेमाचा पहिला खेळ. रविवारी सकाळी थिएटर एक तासासाठी मिळालं होतं. ताई दादा-वहिनींना घेऊन पहिल्या रांगेत. लोक हसायला लागले तेव्हा ताई आधी हसत मागे वळल्या. त्यांना वाटलं, डॉक्टरांना हसतायत. मग पडद्यावर त्या स्वतः आल्या आणि हशा दुप्पट झाला. त्या पुन्हा मागे वळल्या. या वेळी हसल्या नाहीत. मी भिंतीला टेकून उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग उरलेला पाऊण तास सरळ पडद्याकडे बघत बसून राहिल्या.

खेळ संपल्यावर एक गृहस्थ धावत आले. "बाई, कमाल केलीत! मुद्दाम इतकं बेसूर गाणं म्हणजे खायचं काम नाही." ताई म्हणाल्या, "हो ना. फार मेहनत घ्यावी लागली."

त्या एका वाक्यानं त्यांनी आम्हा सगळ्यांना वाचवलं. त्या क्षणापासून त्या अभिनेत्री झाल्या. अप्पा चार वर्षांपूर्वी गेले, ते शेवटपर्यंत सांगायचे, माझ्या आयुष्यात मला एकच खरी नटी मिळाली. डॉक्टर, सलूनवाले, तुम्हालाही हे आजच कळतंय. तुमच्या चेहऱ्यांवरून दिसतंय. तुमचा दोष नाही. दोष नावानिशी माझा आहे.

ताई मात्र त्या दिवसानंतर गायल्या नाहीत. आगाराच्या सहलीत नाही, कुणाच्या बारशाला नाही. दादांना मी विचारलं, घरीही नाही. एकोणीस वर्षं मी फलाटांवरचे भोंगे दुरुस्त करत हिंडलो, आणि दर वेळी खिडकीतला माइक सुरू झाला की वाटायचं, आता चुकून, गाडी लावायच्या आधी, एखादी ओळ येईल. येडपट आशा हो. गाडी क्रमांक यायचा, फलाट क्रमांक यायचा. मी शिडीवर थांबून राहायचो. बायको म्हणायची, "एक बल्ब बदलायला तुम्हाला दोन तास कसे लागतात?"

मागच्या आठवड्यात मी हे सगळं ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. हसत नव्हतात ते तुम्ही एकटेच." मी विचारलं, "मग एकदाही बोलला का नाहीत?" म्हणाल्या, "बोलून काय करणार होते? तुम्ही रोज समोरून नमस्कार करून जायचात. तोही बंद झाला असता." मग मी ते गुणगुणणं सांगितलं. कोणती चाल होती, विचारलं. त्यांना आठवेना. बटण लावलेलं आठवत होतं. म्हणाल्या, "मी गुणगुणत होते? काहीतरीच."

म्हणजे मंडळी, ती चाल आता या जगात एकाच ठिकाणी आहे, माझ्या या डोक्यात. आणि उद्यापासून त्या खिडकीत दुसरं कुणी बसणार. मला आता धीर धरवत नाही.

तेव्हा आधी रीतीचं उरकून घेतो. साहेबांनी बोलायची संधी दिली, त्यांचे आभार. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं नाही, त्यांचे विशेष आभार. चहावाल्यांनी अजून पाच मिनिटं दाराबाहेरच थांबावं. बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल, पायरी सोडून काही बोललो असेन, तर पोटात घाला. ताई, तुमची माफी या सगळ्यांबरोबर एका वाक्यात मागण्यासारखी नाही. ती वेगळी मागतो. मला गाता येत नाही, माझा गळा म्हणजे रिव्हर्समधली गाडी. पण ती चाल मी आता सगळ्यांसमोर म्हणून दाखवणार आहे. मंडळी, हसायचं तर मनसोक्त हसा. आज हसायला माझी पूर्ण परवानगी आहे.

ऐका हं. हूं... हूं हूं हूंऽऽ... हूं हूं...

हसा, हसा. डॉक्टर, तुम्ही का डोळे पुसताय? हूं हूंऽ... मग ती अशी वर जाते...

काय ताई? चुकलं? थांबा, यांना माइक द्या. वर नाही जात? मग कुठे जाते? खाली? अशी? हूंऽऽ... नाही? पुन्हा चुकलं? अहो, मला वायरमनला काय कळणार, तुम्हीच सांगा ना कशी ते.

दारावरची मंडळी, कप वाजवू नका. पंखे बंद करा कुणीतरी. टाळ्या नकोत, आत्ता टाळ्या नकोत. त्या गातायत.