पंपाला किती झाकणं

(गंगाखेड. कृषी सहायक सिद्धोधनचं भाड्याचं घर. सप्टेंबर अखेरचा रविवार, सकाळ. राणीसावरगावचे बन्सीधर चहाची बशी हातात घेऊन बसलेत.)

बन्सीधर : ...म्हणून बाटलीच घेऊन आलो संगं. ह्या झाकणावर पेनानं एक रेघ मारून द्या सायब. इथवर भरलं की फवारणीचा एक पंप. म्हंजे पुन्ना गलती व्हायला नको.

सिद्धोधन : थांबा काका. गलती कसली? मला काहीच कळेना.

बन्सीधर : सोयाबीन जळालं की आमचं. तीन एकर. तणाचं औषध मारलं आन् आठ दिवसांत माना टाकल्या. तण बी गेलं आन् पीक बी गेलं.

सिद्धोधन : कधी झालं हे?

बन्सीधर : जुलैत. पेरून बावीस दिवस झालते.

सिद्धोधन : अहो, दोन महिने झाले. मला सांगितलं का नाही? मी मधी दोनदा तुमच्या गावात येऊन गेलो.

बन्सीधर : मालूम हाय. दोन्ही बारीला मी घरातच व्हतो. बायकूला म्हणलं, न्हाईत म्हणून सांग. कोण्या तोंडानं म्होरं येऊ? तुमी बरोबर सांगितलं, मी माप चुकलो.

सिद्धोधन : मी? मी काय सांगितलं?

बन्सीधर : असं काय करता. ह्याच बाटलीचा फोटो धाडलता तुमाला. नातीनं, वैष्णवीनं, खाली लिवून बी दिलं, सोयाबीनला चालतंय का, मारू का म्हणून. तुमी मिनिटात अंगठा धाडला. मी तर हाटेलात चार जणाला दाखवला. म्हणलं बगा, सायब असावा तर असा. इचारलं की लगी जवाब.

सिद्धोधन : द्या इकडं बाटली.

बन्सीधर : घ्या. धुऊन आणलीय, वास येत न्हाई. अक्षर लय बारीक हाय तेच्यावरचं, आन् इंग्रजीत. दिसतंय ना?

सिद्धोधन : दिसतंय.

बन्सीधर : मग मारा की रेघ. पेन देऊ का?

सिद्धोधन : नको. काका, हे सोयाबीनचं औषध नाही.

बन्सीधर : म्हंजे?

सिद्धोधन : ज्वारीचं आहे हे. मक्याला पण मारतात. रुंद पानाचं जे जे असेल ते जाळतं. सोयाबीनचं पान रुंदच.

बन्सीधर : मी माप कमी घेतलं असतं तर?

सिद्धोधन : अर्धं झाकण घेतलं असतं तरी जळालं असतं.

बन्सीधर : असं कसं? तुमी तर हो म्हणलते.

सिद्धोधन : दुकानदारानं चुकीचं दिलं तुम्हाला. विकायचं म्हणून काहीही देतात हे लोक.

बन्सीधर : त्यो देणारच. तेला बाटली खपवायची. म्हणून तर तुमाला इचारलं.

सिद्धोधन : फोनवर बघू द्या मला. कोणता वार होता?

बन्सीधर : गुरुवार. सकाळची न्याहरी करून रानात जायच्या आधी.

सिद्धोधन : हं. सापडलं. दहा वाजून बारा मिनिटं.

बन्सीधर : हाय ना फोटो? पोरीनं उन्हात धरून काढलता, नाव साफ यावं म्हणून.

सिद्धोधन : धूसर दिसायलाय.

बन्सीधर : दाबा की तेला. वैष्णवी म्हणती, दाबलं की साफ होतंय.

सिद्धोधन : दाबलं. आता उघडत नाही. लय दिवस झाले तर उघडत नसतंय.

बन्सीधर : मग तवा कसा उघडला?

सिद्धोधन : फोन बदलला मी मधी. त्यात गेला असेल.

बन्सीधर : असंल बा. फोनचं काय सांगावं. जाऊ द्या, तुमी कामून एवढं तोंड पाडलं? पाणी घ्या जरा. तुमची बी नजरचूक झाली असंल येखादी. किती गावं तुमच्याकडं?

सिद्धोधन : पाच.

बन्सीधर : पाच गावं म्हणल्यावर. तुमच्या वडलांना, सिताराम गुरुजींना, नुस्ता आमचा एक वर्ग व्हता तरी संध्याकाळपर्यंत घसा बसायचा. कसेत आता गुरुजी? आमची पाटी त्यांनी कदी बिगर वाचता पुसली न्हाई. चूक असली की बोट ठिवायचे, तोंडानं बोलायचे न्हाईत. आपणच हुडकायची.

सिद्धोधन : बरे आहेत. काका, तुम्ही आज एकटेच आलात?

बन्सीधर : न्हाई, आमचा पोरगा भागवत हाय की खाली. गाडीपाशी थांबलाय. इथून आमाला पालमला जायचंय, हरिओमकडं. ओळखता ना? तेला रान बटईनं द्यायचं ठरलंय. कसणार त्यो, आमाला निम्मं.

सिद्धोधन : सगळं रान?

बन्सीधर : सगळं. भागवत म्हणतो, आबा, तुमच्याच्यानं आता व्हत न्हाई. मी म्हणलं एक एकर तरी ठू माझ्याकडं, मी रिकामा बसून काय करू. तर म्हणला, माप चुकत न्हाई असं सायबाकडून लिवून आणा, मग ठुतो. म्हणून आलो. तेचं बी काय चुकलं? तीन एकर गेलं म्हणल्यावर पोरगं बोलणारच.

सिद्धोधन : पण तुम्ही माप चुकला नव्हता.

बन्सीधर : ते तुमी आता म्हणायले. दोन महिने मी काय काय इचार केला. परभणीला नेलं मला, डोळ्याच्या डाक्टरकडं. तेनं पाटी वाचून घेतली, बॅटरी मारली, म्हणला डोळे लय चांगलेत, वयाच्या मानानं तर फस्कलास. मला बरं वाटलं. बाहीर आल्यावर भागवत म्हणला, डोळे चांगले असतील तर मग डोकंच गेलं आबा तुमचं.

सिद्धोधन : असं म्हणला?

बन्सीधर : रागात म्हणला. पर माझ्या मनात बसलं ते. आता रोज सकाळी अंगणात पंप घेऊन बसतो. बाटलीत साधं पाणी भरतो आन् झाकणानं मोजून पंपात टाकतो. धा बारी मोजलं तर धा बारी बरोबर येतंय. मग त्याच दिवशी कसं चुकलं, हेच कळना गेलंय. सून चुलीपासून बघती. तिला वाटतंय म्हातारं भरमलं.

सिद्धोधन : काका, बास.

बन्सीधर : काय झालं?

सिद्धोधन : मी फोन बदलला नाही.

बन्सीधर : बरं.

सिद्धोधन : फोटो मी उघडलाच नव्हता. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. आज पहिल्यांदा दाबला.

बन्सीधर : मग अंगठा?

सिद्धोधन : तसाच दिला. सकाळी फोन हातात घेतला की हजार-बाराशे मेसेज पडलेले असतात. ऑफिसचे, विम्याचे, गावांचे, नातेवाइकांचे, विहाराचे. एकसष्ट ग्रुप आहेत काका. कुणाला वाटायला नको की साहेबानं बघितलं नाही, म्हणून सरळ अंगठे देत खाली जातो. तुमचं नाव दिसलं, अंगठा दिला, पुढं गेलो.

बन्सीधर : म्हंजे कामाच्या घाईत झालं.

सिद्धोधन : तसं म्हणू नका. मला पण आत्तापर्यंत तसंच म्हणायचं होतं. पण हे बघा, इथं सगळं लिहिलेलं आहे. दहा बाराला तुम्हाला अंगठा. दहा तेराला मेव्हण्याला एक व्हिडिओ पाठवलाय. माकड मोटारसायकलवर बसलंय. त्याच्यानंतर अकरा वाजेपर्यंत असलेच आणखी सात. घाई कसली होती? इथंच, ह्या खुर्चीत बसलो होतो. बायको म्हणाली होती, आवरा, तुम्हाला गावाला जायचंय. तिला पण हूं म्हणलो, न ऐकताच.

बन्सीधर : माकड.

सिद्धोधन : हो.

बन्सीधर : मग मी दोन महिने पाणी मोजायलो, ते कशापायी?

सिद्धोधन : माझ्यापायी, काका.

बन्सीधर : सायब, पीक गेलं, तेचं एवढं न्हाई. पाऊस नेतो, गारा नेत्यात, आमाला सवय हाय. पर मला माझा भरवसा राहिला न्हवता. न्हाणीत गेलो तरी कडी लावली का न्हाई ते दोनदा बघायलो.

सिद्धोधन : भागवतला वर बोलवा. मी सांगतो त्याला.

बन्सीधर : नगं. तापट हाय. तेच्या हातात बी फोन हाय, कुठं काय टाकील सांगता येत न्हाई. तुमची नोकरी हाय. लेकरं लहान हायत तुमचे.

सिद्धोधन : तुम्ही माझं बघायलात अजून?

बन्सीधर : कुणीतरी बघावं लागतंच की. घ्या, आलाच तो. पायताण वाजलं.

भागवत : आबा, झालं का? हरिओमचे दोन फोन आले. नमस्कार सर. डोकं खाल्लं असंल ना ह्यांनी तुमचं? घरी बी तेच चालू असतंय, झाकण आन् पंप.

सिद्धोधन : भागवत, बस. आबांचं माप चुकलं नव्हतं. औषधच चुकीचं होतं. ज्वारीचं औषध सोयाबीनवर पडलं.

भागवत : असं कसं होईल? तुम्ही बघूनच हो म्हणले होते. अंगठा मी स्वतः बघितला.

सिद्धोधन : बघितलं नव्हतं मी. फोटो न उघडता अंगठा दिला.

भागवत : न उघडता.

सिद्धोधन : हो.

भागवत : मग द्यायचा कशाला? गप बसायचं होतं. तुम्ही गप बसले असते तर आबा थांबले असते. आठ दिवस थांबले असते, पर बिगर विचारता मारलं नसतं. घरात किराणा आणायचा तरी चारदा विचारणारा माणूस हाय हा.

बन्सीधर : भागवत, आवाज खाली.

सिद्धोधन : बोलू द्या त्याला.

भागवत : आन् ग्रुपवर? गावच्या ग्रुपवर मी जळालेल्या रानाचा फोटो टाकला होता, ऑगस्टात. तो तर बघितला असंल?

सिद्धोधन : कोणता?

भागवत : खाली लिहिलं होतं मी, सल्ला बरोबर, माप चूक, म्हाताऱ्याच्या हातात पंप दिल्याचं फळ. दोनशे लोक हायत त्या ग्रुपात. कितीजण हसले. आन् त्याला तुमचा बी अंगठा हाय, सर. तो बघून मला वाटलं, तुम्हाला बी पटलं. तेव्हापासून मी आबांचं एक ऐकलं न्हाई.

सिद्धोधन : मला आठवत पण नाही तो.

बन्सीधर : तू माझं नाव घालून टाकलं व्हतंस? ग्रुपवर?

भागवत : नाव न्हाई घातलं.

बन्सीधर : म्हाताऱ्याच्या हातात म्हणलास ना. रान आपलंच दिसत असंल. मग नाव कशाला पायजे? तरीच हाटेलात मी गेलो की लोक झाकण झाकण म्हणून हसायचे. मला वाटायचं, पोराटोरांचं काय.

भागवत : आबा, रागात टाकलं. नंतर काढायचं राहून गेलं.

बन्सीधर : राहून गेलं.

सिद्धोधन : मी आत्ता तिथं लिहितो. जे झालं ते सगळं, माझ्या नावानं.

भागवत : लिहून काय होतंय, सर? कोण वाचतंय तिथं? तुम्हीच न्हाई वाचलं. गावात चला. हाटेलात आज रविवारचे सगळे बसलेले असतेत. तिथं तोंडानं सांगा.

सिद्धोधन : येतो. वरिष्ठांना पण लेखी कळवतो. उद्या.

भागवत : वरिष्ठांचं तुमचं तुम्ही बघा. गावात आज चला.

सिद्धोधन : आत्ताच निघू. माझी गाडी काढतो.

बन्सीधर : आन् पालमला? हरिओम वाट बघायलाय.

भागवत : त्याला फोन लावून सांगतो, जमत न्हाई म्हणून.

बन्सीधर : घाई करू नको. तुझ्या मनात असंल तरच सांग. मला बरं वाटावं म्हणून नको.

भागवत : मनात हाय.

बन्सीधर : एक एकराचं म्हणतोस का सगळ्याचं?

भागवत : सगळ्याचं. आबा, तीन एकर मोकळं पडलंय. रब्बीला काय घ्यायचं त्याच्यात? करडी का हरभरा?

बन्सीधर : रानात गेल्यावर सांगतो. वल किती हाय ते ढेकूळ फोडून बघावं लागंल. जा, तू गाडी फिरवून ठू. आलोच मी.

सिद्धोधन : काका, ही बाटली माझ्याकडं राहू द्या. गावात दाखवायला लागेल.

बन्सीधर : ठुवा.

सिद्धोधन : काका, मला माफ करा.

बन्सीधर : लगी हो म्हणत न्हाई, सायब. बघून सांगतो.