ब्रेंडाचा अभ्यासविषय

—नाही हो ताई, तसली डॉक्टर नाही व्हायची ती. सुई-औषधवाली नव्हे. आमची ब्रेंडा माणसांचा अभ्यास करते, मानववंशशास्त्र — मान जरा मागे घ्या, केसांचा रंग डोळ्यांत जाईल — विषय काय, तर आपण लोक मेक्सिकोतून सीमा ओलांडून इकडे अमेरिकेत आलो की स्वतःला कोण समजतो. लॅटिनेक्स म्हणतात म्हणे आता आपल्याला. मी म्हटलं, बये, हा शब्द आहे की ठसका? आणि त्यासाठी विद्यापीठ शिष्यवृत्ती देतं. बरं, उन्हाळाभर पोरगी अभ्यासाला कुठे बसली सांगू? माझ्याच गॅरेजात.

गॅरेज भाड्यानं दिलंय ना मी — तोमासा म्हणून एक बाई आहे, मेक्सिकोतल्या ओहाकाच्या डोंगरातली, मिश्तेको आदिवासी. स्ट्रॉबेरीच्या शेतात तोडणीला जाते. स्पॅनिशसुद्धा धड येत नाही, त्यांचं ते तोंडातल्या तोंडात चालतं. तुम्हाला म्हणून सांगते, मला त्या लोकांची शिसारी येते. तो चिखलाचा अन् फवारणीचा वास — नखांत शिरतो, कितीही घासा, जात नाही, उशीला येतो, टॉर्टियाला येतो — म्हणजे, असं ऐकलंय. आम्ही ग्वादालाहाराचे, शहरातले. आमच्याकडे असली माणसं अंगणापर्यंतच. तोमासाचा कप मी बाहेर नळापाशी ठेवते, त्यात काय वाईट? तिची कधी तक्रार नाही. तक्रार कुणाची, तर ब्रेंडाची. "आई, असल्या वेगळ्या कपांबद्दल मी पुस्तकांत वाचत आले, आणि तो आपल्याच दारात?" वाचत आली म्हणे. लोकांचे केस कापून कापून माझी बोटं वाकडी झाली, म्हणून वाचत आली.

तर रविवारी मी मक्या-मटणाचं पोसोले केलं होतं, पोरगी परत जायची म्हणून. आणि ही त्या बाईला हाताला धरून आत घेऊन आली. माझ्या टेबलाशी बसवलं. माझ्या फुलाफुलांच्या कपात कॉफी दिली. बाई बिचारी — बिचारी कसली, बसली अंग चोरून, दोन घोट घेतले. मी उठले, तिच्या हातातून कप घेतला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला, कॉफीसकट. हो, तिच्यादेखत. ब्रेंडा रडायला लागली. तोमासा तिच्या पाठीवरून हात फिरवत आपल्या भाषेत पुटपुटली, "रडू नको गं. हिला आई नसेल, शिकवायला." आणि मी म्हटलं, "आहे मला आई."

हलू नका ना. रंग गालावर आला बघा.

कळलं कसं म्हणजे? इतकी वर्षं भाडेकरू ठेवते, दोन शब्द कानावर पडतातच — नाही, स्पॅनिशमध्ये नाही म्हटलं मी. निघून गेलं तोंडातून. त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच हेलात. तोमासा उठून उभीच राहिली. कुठल्या गावची तू, कुणाची, विचारत सुटली. मावशी म्हणाली मला. मावशी — अंगावर पाल पडावी तसं झालं. आणि ब्रेंडाचं रडणंच थांबलं. तिला मी काय सांगत आले, तर तुझी आजी ग्वादालाहाराची, तू जन्मायच्या आधीच वारली. लहानपणी चर्चमध्ये तिच्या नावानं मेणबत्त्या लावल्यात पोरीनं.

विद्यापीठात गेलीच नाही ती. बुधवारी विमानानं थेट ओहाकाला. माझ्या हेलावरून गाव ओळखून पुढचा डोंगरातला रस्ता तोमासानं सांगितला, दुसरं कोण सांगणार. काल फोन आला. ब्रेंडा बोललीच नाही, कुणाच्या तरी हातात फोन दिला. म्हाताऱ्या बाईचा आवाज होता, कापरा. नाव घेतलं माझं — हे एलोदिया नव्हे, आधीचं. मी फोन ठेवून दिला.

आवाज कुणाचा म्हणजे? — उठा ताई. रंग चढलाय. घरी जाऊन धुवा, मला दुकान बंद करायचंय.