कोलमजवळ

क्लेअर परगण्यातल्या बसमध्ये, तिथंच राहणाऱ्या असुंताच्या पुढच्या बाकावर साठी उलटलेले बहीणभाऊ बसले होते. बहिणीच्या हातात एक जुनं पोस्टकार्ड होतं. त्यावर छप्पर उडालेला मठ आणि शेजारी उंच गोल मनोरा.

“फिन्टन, आई जाताना नक्की काय म्हणाली?”

“हे कार्ड दाखवून म्हणाली, ‘मला इथं पुरा, कोलमजवळ. बिचारा एकटाच आहे.’”

“कोण कोलम?”

“या मठाचा संत असेल, ताई.”

“संताला कुणी ‘बिचारा एकटाच आहे’ म्हणतं का रे?”

“मग मला काय विचारतेस! बाबांशेजारची जागा तिच्यासाठीच ठेवलीय. भांडण होतं का त्यांचं?”

“छे! थांब जरा. तुझ्या जन्माआधी मला मावशीकडे धाडलं होतं. तेव्हा आईला दिवस गेले होते. परत आले तर घरात बाळ नाही, पाळणा नाही. विचारलं तर बाबा ओरडले, ‘कसलं बाळ?’”

“बाळ गेलं असतं, तर आपल्या चर्चच्या आवारात त्याच्या थडग्याचा दगड नसता का?”

“बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ तिथं घेत नसत.”

“मग कुठं नेत?”

बहिणीनं कार्ड त्याच्या हातात दिलं. फिन्टननं मागे वळून ते असुंताला दाखवलं.

“बाई, हा मठ कुठंसा आहे, सांगता का?”

असुंतानं चित्र लगेच ओळखलं.

“पुढच्याच थांब्यावर उतरा. उत्तरेच्या भिंतीशी मात्र जपून पाय टाका. तिथले बाळांचे दगड अगदी लहान आहेत.”