प्रोग्रॅमवरचं नाव

शेजारच्या तरुणीने नंबराच्या चिठ्ठीला पाच घड्या घातल्या होत्या आणि सहावी काही केल्या बसत नव्हती, हे नंदिनीने पाहिलं. फ्रँकफर्टच्या व्हिसा कार्यालयात अजून बराच वेळ बसायचं होतं. ती तरुणी आणि तिचे सासरे मराठीत बोलत होते.

“वल्लरी, गिफ्ट कार्डात उरलेले पैसे कुणाचे गं?”

“गिऱ्हाईक पाच वर्षं फिरकलंच नाही, तर अमेरिकेत कंपनीची नोंद ज्या राज्यात आहे, तिथल्या सरकारचे, बाबा. आमची कंपनी ते, असा कायदा नसलेल्या दुसऱ्या राज्यातल्या नावापुरत्या कंपनीकडे आहेत असं दाखवते आणि स्वतःच ठेवते.”

“तुला कसं कळलं?”

“तो प्रोग्रॅम मीच लिहिलाय. कंपनीविरुद्ध दावा लावायला वकिलाला माझी सही हवीय. चार महिने झाले, मी टाळतेय.”

“आमचा राजस काय म्हणतो?”

“म्हणतो, आधी व्हिसा वाढू दे. नोकरी गेली तर तीन महिन्यांत दुसरी शोधा, नाहीतर परत पुणे.”

“पुण्याला काय धाड भरलीय? मी राहतोच की!”

“बाबा!”

“मी एकतीस वर्षं सरकारी ट्रेझरीत होतो. शेजारच्या टेबलावर खोटी बिलं पास व्हायची आणि मी चहा प्यायचो. तुझी निदान झोप तरी उडाली.”

“भीतीने उडाली.”

“असू दे. तो प्रोग्रॅम कुणाचा, ते कळतं का कुणाला?”

“गेनाऊ... म्हणजे, हो, अगदी. प्रत्येक बदलापुढे नाव आणि तारीख पडते. पुसता येत नाही.”

“मग नाव तर तू केव्हाच दिलंयस.”

फलकावर वल्लरीचा नंबर लागला. नंदिनीने पाय आत घेऊन तिला वाट दिली. वल्लरी उठली, पण तिने आधी फोन लावला.

“राजस, ऐक. व्हिसासाठी थांबत नाहीये. मी आजच सही करतेय.”