हलू नका

—हनुवटी जरा खाली. बास. आता हलू नका. — काय बघताय, भिंतीवरचे फोटो? हसा, हसा, माझ्या घरचेही हसतात. पतंग आहे तो. नाही हो, मांज्याचा नाही, पंखांचा! दिव्यावर झडप घालतात ना, त्यांच्यातलाच, पण हा शहाणा, दिवसाढवळ्या फिरतो. 'मी पतंगामागे लागलोय' असं बायकोला म्हटलं, तर तिने बहिणीला फोन लावला — यांना साठीत गच्चीवर चढायची हौस आलीय म्हणून! मेहुणी अजून विचारते, काय भावजी, किती काटले?

तर हा पठ्ठ्या दुकानामागच्या कुंड्यांवर येतो. बसत नाही. फुलासमोर अधांतरी थांबतो, लांब सोंड आत घालतो, आणि आपण बटण दाबेपर्यंत — पसार! इथे या स्टुलावर मोठमोठे साहेब माझ्या एका शब्दावर गप्प बसतात, आणि हे बोटभर पाखरू मला हिंग लावून विचारत नाही. म्हणून सगळे फोटो हललेत. एवढ्या चपळ जिवापुढे मी बापडा काय करणार? — काय म्हणालात? फूलही हललंय? वारा असेल. कुंडी? आता कुंडीचं काय घेऊन बसलात — मागची भिंतही? अहो, पासपोर्टचा फोटो काढायला आलात की माझी झडती घ्यायला? भिंत कशी हलेल!

…नाही हलत. भिंत नाही हलत. हा उजवा हात आहे. कप बशीवर वाजायला लागला, तर मी बशीच बंद केली — केवढा हुशार माणूस! घरात कुणाला पत्ता नाही. सगळं पतंगाच्या नावावर खपतं. बायको काही विचारतसुद्धा नाही. उलट परवा हा तीन पायांचा स्टँड घेऊन आली. म्हणाली, पतंगासाठी. मी म्हटलं, अगं, तो काय पोज देणार आहे? आणि दिला कोपऱ्यात ढकलून. कारण वेडीने आणून ठेवला कुठे — मागे कुंड्यांपाशी नाही, इथे, या स्टुलासमोर…

इथे. स्टुलासमोर.

भीती वाटते हो. हा हात गेला तर मी कोण? — नाही, उठू नका, स्टँड मीच आणतो. हं. कॅमेरा बसला. हनुवटी खाली. इकडे बघा. — हलू नको म्हटलं ना!

तुम्हाला नाही हो. तुम्ही छान बसलाय.