सबवूफरची घरघर

अबे, चहा ठेव खाली अन् आताच काय झालं ते आयक. माझा सबवूफर किती दिवसांपासून मधातच घर्रर्र करून बोंबलून राह्यला होता. वायरी बदलल्या, पिना पुसल्या, तरी तेच. घरमालक काकांची खाट माझ्या खिडकीले लागूनच. आज ते सरळ खोलीतच घुसले.

"हा डब्बा फेक, नाही तं खोली खाली कर. मी भाच्याच्या फोनची वाट पाहून राह्यलो, अन् तुह्यं हे भलतंच."

तेवढ्यात डब्बा पुन्हा घर्रर्र. पाहतो तं काकांच्या खिशात मोबाईल चमकून राह्यला.

"काका, फोन येऊन राह्यला तुमाले."

"कायचा फोन? वाजला कुठी?"

मोबाईल सायलेंटवर होता ना बे. महागावच्या भाच्याचे मिस कॉलच मिस कॉल. कापूस आता विकायचा का थांबायचं, ते सांगाले तो फोन करून राह्यला होता. मी सायलेंट काढून देल्लं. जवळच्या मोबाईलवर फोन आला का स्पीकर घरघरते, हेही समजावलं.

काकांनी आधी मोबाईल पाह्यला, मंग सबवूफर.

"मोबाईलचा भरोसा नाही बाप्पा. हा डब्बा माह्या खाटेखाली ठेव, अन् खोलीत राह्य खुशाल."

आता तूच सांग, तू काय केलं असतं?